सहा मिनिटं

दुपारचे तीन वाजलेत. जालन्याजवळ समृद्धी महामार्गावरून खाली उतरणारा टोलनाका. मे महिन्याचं ऊन सिमेंटवर पडतंय आणि तिथून उलटून डोळ्यांत शिरतंय. नाक्याच्या पुढे डाव्या कडेला पत्र्याची सावली, प्लास्टिकचं टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जार. मोटार वाहन निरीक्षक मात्र उन्हातच उभे आहेत.

एक पांढरी कार बाहेर येते. निरीक्षक हात दाखवतात. कार कडेला थांबते, काच खाली होते, आतला गारवा क्षणभर माझ्याही अंगावर येतो. चालवणारा तिशीतला. शेजारी बायको, तिच्या मांडीवर झोपलेलं पोर. मागच्या सीटवर आई, पायाशी पिशव्या.

इथे स्पीडगन नाही. निरीक्षकांच्या हातात फक्त एक कागद आहे. या रस्त्यावर टोल अंतराप्रमाणे लागतो, त्यामुळे गाडी कुठून आणि किती वाजता आत आली, याची नोंद नाक्यावर असते. निरीक्षक मोबाइलवर भागाकार करतात आणि पडदा त्या तरुणापुढे धरतात. अंतर ९६ किलोमीटर. वेळ ४२ मिनिटं. सरासरी वेग ताशी १३७.

"गाडी पळूनच राहिली होती साहेब, समजलंच नाही," तो म्हणतो. बोलण्यावरून नागपूरकडचा. "आणि हा रस्ता तर दीडशेचा आहे ना?"

"दीडशे हा रस्त्याचा आकडा," निरीक्षक म्हणतात. "तुमचा एकशेवीस."

हे वाक्य ते रोज कितीदा म्हणत असतील, पण आवाजात कंटाळा नाही. समृद्धीचा सपाटीवरचा आराखडा खरोखरच ताशी १५० किलोमीटरचा आहे. वळणांची गोलाई, चढ-उतार, पुढचं दिसण्याचा पल्ला, सगळं त्या हिशेबाने आखलंय. पण ती रस्त्याची ताकद झाली. गाडीने किती जोरात जायचं हे कायदा ठरवतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. कमाल वेग केंद्र सरकार ठरवतं. एप्रिल २०१८च्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर मोटारीला १२०, बसला १००, मालवाहू गाडीला ८० असे आकडे आहेत. राज्याला त्याहून कमी मर्यादा घालता येते, वाढवता येत नाही. आणि कमी करायची तर राजपत्रात छापून भागत नाही. त्या ठिकाणी फलकही उभा करावा लागतो. लाल कड्यातला काळा आकडा चालकाला दिसला पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे. मला ती फार मोलाची वाटते. ज्याला आधी सांगितलंय, त्यालाच जाब विचारायचा.

निरीक्षक गाडीभोवती फिरतात. पुढच्या टायरपाशी उकिडवे बसतात आणि रबरावरचे चार अंक बोटाने पुसून वाचतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर सहा वर्षांचं आहे. नक्षी अजून दिसते, पण कडेला बारीक तडे गेलेत.

"हात लावून बघा."

तरुण हात लावतो आणि चटकन मागे घेतो. टायर तापलंय.

मग त्याला टेबलापाशी बसवतात. पुढे कोरा कागद, पेन. "एकशेवीसने गाडी सेकंदाला किती मीटर जाते? मांडा."

तो मांडतो. तेहतीस.

"समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात किती?"

त्र्याऐंशी. पेन थांबतं. तो मान वर करून टोलच्या फाटकाकडे बघतो. अंतर डोळ्यांनी मोजत असावा.

"ब्रेक अजून लागलेलाच नाही," निरीक्षक म्हणतात. "पूर्ण थांबायला आखणीत अडीचशे मीटर धरलेत. आता तेच अडीच सेकंद तुमच्या वेगाने मांडा."

पंचाण्णव. वेग सातव्या हिश्श्याने वाढला, पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १२०च्या जागी १३७ म्हणजे जवळजवळ तीस टक्के जास्त. शिवाय ८०च्या मर्यादेतला ट्रक पुढे असेल, तर ही कार त्याच्याकडे सेकंदाला सोळा मीटरने ओढली जाते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्राच्या अहवालात त्यांतल्या दर दहांपैकी सात मृत्यूंपुढे अतिवेग हेच कारण लिहिलंय.

मी निरीक्षकांना विचारतो, स्पीडगन बरी की हा कागद?

"गन एका जागेचं सांगते. ती दिसली की लोक ब्रेक मारतात, पुढे गेले की पुन्हा तेच. हा कागद सगळ्या वाटेचं सांगतो." मग जरा थांबून म्हणतात, "पळवून मध्ये तासभर चहाला थांबला, तर याच्यातून सुटतो. पण घड्याळं बरोबर असली, तर निर्दोष माणूस यात सापडत नाही. सरासरीच एकशेसदतीस, म्हणजे कुठेतरी एकशेवीसच्या वर गेलाच."

दंड होऊ शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली मोटारीला एक ते दोन हजार रुपये. यंत्राने पकडायचं असेल, तर २०२१च्या नियमाप्रमाणे आधी तसा इशाऱ्याचा फलक हवा, यंत्राला दरवर्षी नव्याने मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, पंधरा दिवसांत नोटीस हवी. हे सगळं हवंच. पण चलनाचा संदेश घरी, मोबाइलवर येतो. तोवर टायर गार झालेलं असतं. इथे ते अजून गरम आहे, म्हणून हे टेबल मला चलनाइतकंच गरजेचं वाटतं.

मागचं दार उघडतं. आई पाणी प्यायला उतरते. निरीक्षक स्वतः जारखाली पेला धरतात. "बसा मावशी, होतंच आलंय."

ती मुलाच्या कागदाकडे वाकून बघते. "काय लिहून राहिला रे?"

त्याने शेवटची ओळ लिहिलीय. ९६ किलोमीटर, १२०च्या वेगाने: ४८ मिनिटं. खाली वजाबाकी. सहा.

"सहा मिनिटं वाचवली," तो हळू म्हणतो.

"अन् ती काय केली?"

तो उत्तर देत नाही. इथे टेबलापाशी बसून वीस मिनिटं झालीत. तो कागदाची घडी घालून खिशात ठेवतो. निरीक्षक ती मागत नाहीत. टायर बदलायला मात्र दोनदा बजावतात.

आई मागे बसते. तो दार लावायच्या आधी आत वाकतो, सीटच्या फटीत अडकलेला पट्टा ओढून काढतो आणि तिच्या पोटावरून घेऊन खट्‌कन लावतो. पुढे पोर जागं झालंय, काचेतून बघतंय.

नाक्याचं फाटक पुन्हा वर होतं. निरीक्षक हात दाखवायला पुढे होतात.