‘श्री’ पद्धतीचे भात : दावा आणि पडताळा

लोणावळ्याजवळील कुरवंडे येथे भाताची आवणी पाहताना फ्रेंच येशूसंघीय फादर आंरी द लोलानिए यांचे स्मरण होते. मादागास्करमध्ये १९८३ च्या सुमारास त्यांनी जेमतेम पंधरा दिवसांची रोपे एकेक करून, अंतर राखून, पाणी न साचवता लावली. हीच ‘श्री’ पद्धत. समर्थकांनी हेक्टरी १५ टनांपर्यंत उत्पन्नाचे दावे केले. २००४ साली जॉन शीही व सहकाऱ्यांनी चीनमधील चाचण्यांवरून ते अमान्य केले. चाचण्यांत पद्धत नीट पाळलीच नाही, असे समर्थकांचे उत्तर.

फादरांविषयी आदर बाळगूनही शंका विचारता येते. पाण्याची बचत अनेक ठिकाणी दिसली खरी. पण मावळच्या धुवांधार पावसात खाचरातले पाणी काढणार कसे? इंद्रायणीचे एकच खाचर निम्मे जुन्या, निम्मे नव्या रीतीने लावावे, खत सारखेच द्यावे आणि दोन्हीकडचे धान्य वेगवेगळे तोलावे.