एका रेघेची किंमत



फौजेत असताना घरची पत्रं ‘५६ एपीओ’ या पत्त्यावर यायची. पत्र दहादा वाचायचो, पण पाकिटावरच्या तिकिटाकडे कधी नीट पाहिलं नाही. आज तिकीट घडवणाऱ्या एका हाताबद्दल बोलू या.

त्याचं नाव चेस्वाव स्वान्या. जन्म १९२१ चा, पोलंडमधला. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा हा तरुण भूमिगत चळवळीसाठी बनावट कागदपत्रं तयार करायचा. एक रेघ चुकली, तर कागद बाळगणाऱ्याच्या जिवावर बेतणार! युद्धानंतर तो क्राकोवच्या कला अकादमीत शिकला आणि पोलंडच्या तिकीट छापखान्यात लागला. १९५६ मध्ये तो स्वीडनला गेला. पुढे तिथल्या टपाल खात्यानं त्याला कामावर घेतलं आणि १९७२ मध्ये तो राजदरबाराचा एन्ग्रेव्हर झाला.

आता हे काम कसं चालतं ते पाहू. पोलादाचा छोटा तुकडा घ्यायचा. त्यावर तिकिटाएवढ्याच आकारात, आरशात दिसतं तसं उलटं चित्र कोरायचं. हातात कोरणी, डोळ्याला भिंग. गालावरची सावलीसुद्धा बारीक रेघा आणि ठिपक्यांनीच दाखवायची. खोडरबर नाही! एकेका ठशाला कित्येक आठवडे लागतात. छपाईत शाई या खाचांमध्ये भरते आणि मोठ्या दाबाखाली कागदावर उमटते. म्हणून अशा तिकिटावर बोट फिरवलं की रेघा किंचित उंच लागतात. नक्कल करणाऱ्याला नेमकं हेच जमत नाही. नोटांवरही कोरीव छपाई असते ती याचसाठी.

स्वान्यानं अनेक देशांची तिकिटं कोरली, नोटांसाठीही काम केलं. २००० साली स्वीडननं त्याचं हजारावं तिकीट काढलं. एका जुन्या छतचित्रावरून कोरलेलं ते तिकीट चांगलंच मोठं होतं. २००५ मध्ये तो गेला, तोवर त्याची कोरणी थांबली नव्हती.

गंमत बघा. ज्या हातानं तरुणपणी सरकारी कागदांची नक्कल केली, त्याच हाताकडे पुढे कितीतरी सरकारांनी नक्कल होऊ नये म्हणून काम सोपवलं. हात तोच, शिस्तही तीच. फक्त काळ बदलला.

जुनं पाकीट सापडलं, तर तिकिटावर एकदा बोट फिरवून बघा.

जय हिंद!