दोन अक्षरांची भाषा

लोणावळा लोकलने जाताना बेगडेवाडी स्टेशनची पाटी बघा. ‘बेगडेवाडी’ ही अक्षरं मराठी की हिंदी? लिपी एकच, त्यामुळे संगणकाला कळत नाही. मजकुरासोबत ‘एम-आर’ हा भाषेचा संकेत असेल, तर संगणक ‘चाक’मधला च मराठीतला म्हणून उच्चारील, ‘एच-आय’ असेल तर हिंदीतला.

दोन रोमन अक्षरांच्या जोड्या होतात जेमतेम ६७६. जगात भाषा सात हजारांच्या आसपास. म्हणून तीन अक्षरी संकेतांची यादी आली. पण खरी अडचण गणिताची नाहीच. भाषा कुठे संपते आणि बोली कुठे सुरू होते, हे ठरवायचं कोणी? कोकणी १९९२मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तरी तिला दोन अक्षरी संकेत नाही. तीन अक्षरी यादीत मात्र ‘के-ओ-के’ या छत्राखाली तिचे दोन भाग केलेत: गोव्याची ‘जी-ओ-एम’ आणि दुसरी ‘के-एन-एन’. अहिराणी आणि खानदेशी यांनाही वेगवेगळे संकेत आहेत. धुळ्या-जळगावच्या माणसाला ही वाटणी पटेल, असं मला वाटत नाही.

तीन अक्षरी यादी ‘एसआयएल ग्लोबल’ (पूर्वीची ‘एसआयएल इंटरनॅशनल’) ही संस्था सांभाळते. बदलाची मागणी कोणीही करू शकतो. आपल्या विद्यापीठांनी ती पुराव्यानिशी करावी.