मुलीला बेंचवर बसवलं, आता कोचशी बोलायचं कसं?

पावसाळा निम्मा झाला की शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागतं आणि पाठोपाठ स्टाफरूमच्या दारात पालक दिसायला लागतात. पूर्वी ते फक्त मार्कांसाठी यायचे. आता सॉफ्टबॉलसाठीही येतात. “सर, माझ्या मुलीला का बसवलं?” “त्या दुसऱ्या मुलीलाच दर वेळी पिचर का करतात, कोणाची भाची आहे का ती?”

खरं सांगायचं तर ही तक्रार ऐकून आधी बरंच वाटतं. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलींची टीम उभी करायची म्हणजे घरोघरी जाऊन अम्मी-अब्बांची मनधरणी करावी लागे. आठवीनंतर मुलगी मैदानावर दिसतच नसे. आज अब्बा स्वतः मोटारसायकलवरून सोडायला येतात आणि मॅच संपेपर्यंत मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडतात. ओरडणं जरा जास्तच होतं, ती गोष्ट वेगळी.

पण कोचशी झालेल्या भांडणापायी खेळ सुटलेल्या मुलीही आम्ही पाहिल्या आहेत. मुलगा रुसून मैदान सोडतो आणि चार महिन्यांनी परत येतो. मुलीचं तसं होत नाही. “बस झालं आता, अभ्यास कर” हे वाक्य घरात एकदा निघालं की नववीत सुटलेला खेळ बहुतेक कायमचाच सुटतो. म्हणून हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

दुसऱ्यांना शिकवण्याआधी आमचीच चूक सांगतो. आमची मुलगी आठवीत असताना शाळेच्या टीममध्ये शॉर्टस्टॉपला खेळायची. जिल्हा स्पर्धेच्या दोन मॅचना सरांनी तिला बसवून ठेवलं. ती घरी येऊन काही बोलली नाही, नुसती जेवली नाही. आम्ही शिक्षक, बीएड झालेले, पालकसभेत संयमावर भाषण देणारे. त्या रात्री साडेदहाला सरांना फोन लावला आणि नको ते बोललो. “तुम्हाला आमच्याच पोरी दिसतात का बसवायला?” हेही बोलून गेलो. सरांनी ऐकून घेतलं आणि “उद्या शाळेत या” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं. मुलीचा खांदा महिनाभर दुखत होता. शॉर्टस्टॉपवरून फर्स्ट बेसला फेकताना तिचा बॉल आधीच टप्पा खात होता. सरांनी विचारलं तेव्हा तिनं त्यांना शपथ घातली की घरी सांगू नका, अम्मी खेळ बंद करेल. सरांनी तिला बसवलं ते खांद्यासाठी, आणि गप्प राहिले ते तिच्यासाठी. त्यांचीही चूक होतीच. मुलाचं दुखणं पालकांपासून लपवायचं नसतं, मुलानं कितीही गळ घातली तरी. ते त्यांनी कबूल केलं. पण मुलीनं लपवलं का, हा प्रश्न आमच्याकडेच परत आला. आमच्या फोनची गोष्ट तिला मैत्रिणींकडून कळली. त्यानंतर दोन आठवडे ती मैदानावर गेली नाही. खांद्यापेक्षा तिला लाजेचा त्रास जास्त झाला होता.

खेळ आधी समजून घ्या

अर्धी भांडणं खेळ न कळल्यामुळे होतात, असं आमचं मत झालं आहे. आपल्याला क्रिकेट पाठ असतं आणि आपण सॉफ्टबॉलही क्रिकेटच्या डोळ्यांनी बघतो. इथे मैदानात नऊ जण, मॅच साधारण सात इनिंगची, बॉल 12 इंच घेराचा. पिचर तो खालून, कमरेजवळून फेकते. मुलींच्या खेळात ते अंतर जेमतेम 43 फूट असतं, म्हणजे वेगवान पिचर असेल तर बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. बेसमधलं अंतर 60 फूट. एवढ्या छोट्या जागेत शॉर्टस्टॉपनं बॉल उचलायला क्षणभर उशीर केला तरी धावणारी मुलगी बेसवर पोहोचलेली असते. क्रिकेटमध्ये सुटलेला बॉल दुसरी कोणीतरी अडवते. इथे एका चुकीच्या थ्रोवर दोन रन जातात.

आता बंटचं बघा. एका मॅचला एका अब्बांनी आमच्यासमोर कोचला जाब विचारला होता. त्यांची मुलगी टीममधली सगळ्यात दणकट बॅटर. फर्स्ट बेसवर आपली एक मुलगी उभी, आऊट कोणी नाही. कोचनं खूण केली आणि या मुलीनं बॅट आडवी धरून बॉल नुसता समोर टेकवला. स्वतः आऊट झाली. अब्बा भडकले. “माझ्या मुलीला मारू दिलं नाही, जाणूनबुजून आऊट केलं!” जाणूनबुजून हे बरोबरच होतं. याला सॅक्रिफाइस बंट म्हणतात. आपण आऊट व्हायचं, पण पुढची मुलगी सेकंड बेसवर पोहोचवायची, म्हणजे नंतरच्या एका साध्या फटक्यावर ती घरी येते. अनोळखी माणसाला तो अपमान वाटतो. डगआऊटमध्ये मात्र त्याच मुलीला सगळ्यात आधी टाळ्या मिळतात. पुढच्या बॅटरच्या फटक्यावर रन आला तेव्हा अब्बा गप्प झाले, माफी मात्र मागितली नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

बसवण्याचंही तसंच. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या नऊमधली मुलगी बाहेर काढली तर ती एकदा परत आत येऊ शकते, बॅटिंगच्या त्याच क्रमावर. क्रिकेटमध्ये असं नसतं, म्हणून मुलगी बाहेर आली की आपल्याला वाटतं, संपलं. पुष्कळदा कोच तिला चौथ्या इनिंगला काढतो ते सहाव्यासाठी राखून ठेवायला.

कशाबद्दल बोलायचं, कशाबद्दल नाही

अमेरिकेतल्या हायस्कुलांत सॉफ्टबॉल फार मोठा खेळ आहे आणि कोच-पालकांची भांडणंही तितकीच मोठी. तिथल्या बऱ्याच शाळांनी यावर एक साधी रीत पाडली आहे. सीझन सुरू होण्याआधी पालकांची बैठक घ्यायची आणि स्पष्ट सांगायचं की मॅच झाल्यापासून 24 तास कोचशी तक्रारीचं बोलायचं नाही. आपली मुलगी किती वेळ खेळली, कुठल्या जागेवर खेळली, डावपेच काय होते आणि दुसऱ्याच्या मुलीबद्दल काय वाटतं, हे विषय शक्यतो काढायचेच नाहीत. तब्येत, वागणूक, अभ्यास, मुलीनं काय सुधारावं, यावर मात्र वेळ घेऊन जरूर बोलायचं. आपल्याकडे ही रीत अजून रुजलेली नाही, पण रुजवायला पैसे लागत नाहीत. जुलैमध्ये एक तासाची बैठक पुरे.

24 तासांचा फायदा आम्ही फोनच्या प्रकरणात उलट बाजूनं शिकलो. त्या रात्री झोपलो असतो तर सकाळी मुलीला विचारलं असतं, आणि तिनं खांदा दाखवला असता.

पहिलं बोलणं मुलीनंच करावं, हे आम्ही आता प्रत्येक पालकाला सांगतो. “सर, मला बसवलं त्याचं कारण सांगाल का? मी कशावर मेहनत करू?” एवढी दोन वाक्यं तेरा वर्षांच्या मुलीला जमतात. घरी एकदा म्हणून घ्या, तिला धीर येतो. त्यानंही समाधान झालं नाही तर आपण जायचं, वेळ ठरवून, मैदानावर नाही, इतर मुलींसमोर तर नाहीच. आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोचचं नाव घेऊन कधीही लिहू नका. त्या ग्रुपवरचा स्क्रीनशॉट मगरिबच्या आत कोचकडे पोहोचलेला असतो.

कोचनं ऐकलंच नाही तर पायरी ठरलेली आहे. आधी मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघ किंवा शाळा व्यवस्थापन. वयोगटाचा गोंधळ, प्रवेशिका पाठवली की नाही, निवडीतली गडबड, असं काही असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. राज्यात विभाग आठ. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आपल्या लोकांत तोंडी भांडणाची हौस फार आणि अर्ज लिहायचा कंटाळा त्याहून जास्त.

वाद चिघळण्यामागे प्रमाणपत्रही असतं, ते नाकारून चालणार नाही. खेळाच्या कामगिरीवर दहावी-बारावीला बोर्डाचे वाढीव क्रीडा गुण मिळतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यामुळे “टीममध्ये नाव तरी घाला” असा दबाव कोचवर येतो. न खेळणाऱ्या मुलीचं नाव घालायला सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलीचा हक्क काढून घेणं आहे. असे अर्ज घेऊन आमच्याकडेही काही जण आले. त्यांच्यात चांगले नमाजी लोकही होते, हे लिहिताना वाईट वाटतं.

स्कार्फ, नमाज आणि बाहेरगावचा मुक्काम

हे आपल्या घरांचे खास विषय, आणि यावर भांडण होतं ते बहुतेक वेळ चुकल्यामुळे. मॅचच्या सकाळी “माझी मुलगी स्कार्फ काढणार नाही” असं सांगितलं तर कोच गडबडतो, अंपायरशी बोलायला त्याच्याकडे वेळ नसतो. तेच जूनमध्ये सांगा. फुटबॉलच्या फिफानं 2014 मध्ये आणि बास्केटबॉलच्या फिबानं 2017 मध्ये डोकं झाकायला रीतसर परवानगी दिली. तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही, हे कोचला शांतपणे सांगता येतं. पण त्याचीही एक बाजू ऐका. बॅटिंगला हेल्मेट घालावं लागतं, आणि हेल्मेटखाली टाचणी लावलेला ओढणीचा स्कार्फ धोक्याचा असतो. बिनटाचणीचा, डोक्याला घट्ट बसणारा, टीमच्या रंगाचा शिवून घ्या. पूर्ण बाही आणि लेगिंगचंही तसंच, आधी रंग विचारा. आमच्या मोहल्ल्यातल्या शिलाईवाल्या आपांनी सहा मुलींचे एकसारखे करून दिले, तेव्हा कोचचा आक्षेपच उरला नाही.

जुम्याच्या दिवशी मॅचची वेळ कोच ठरवत नाही, आयोजक ठरवतात. त्याबद्दल कोचवर चिडून उपयोग नाही. रोज्यांचं म्हणाल तर सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, तेव्हा बहुतेक शालेय स्पर्धा उरकलेल्या असतात. प्रॅक्टिस मात्र चालू असते. रोजेदार मुलगी धावणार की नुसता थ्रोचा सराव करणार, हे पहिल्या रोज्याच्या आधी कोचशी ठरवून घ्या.

मुक्कामाबद्दल पालक विचारतात तेव्हा काही कोचना तो अविश्वास वाटतो. तो अविश्वास नाही, पालकांचं कामच आहे. सोबत महिला शिक्षिका कोण, मुली कुठे झोपणार, फोन कोणाला करायचा, जेवण हलाल किंवा शाकाहारी मिळेल का. उत्तरं लेखी मागायलाही हरकत नाही. उत्तर मिळालं नाही तर मुलीला पाठवू नका.

एका गोष्टीत मात्र वर लिहिलेलं काहीच लागू नाही. मुलीला मारणं, तिच्या शरीरावरून किंवा धर्मावरून बोलणं, शिकवण्याच्या नावाखाली अंगाला नको तसा हात लावणं, रात्री खासगी मेसेज पाठवणं. हे कोचशी मतभेद नाहीत. इथे 24 तास थांबायचं नाही, आधी मुलीनं बोलावं असाही हट्ट नको. शिक्षण हक्क कायदा 2009 नं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत मारहाण आणि मानसिक छळ करायला मनाई केली आहे. लैंगिक प्रकार असेल तर 18 वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो, आणि असं काही कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, मग कळलेला माणूस मुख्याध्यापक असो नाहीतर मामा. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर मुलीलाही पाठ असू द्या. मेसेज पुसू नका. आणि “बदनामी होईल” म्हणून घरात मिटवायला जमलेल्या मोठ्या माणसांना चहा देऊन परत पाठवा.

आमची मुलगी यंदा नववीत आहे. खांद्याचं दुखणं डॉक्टरांना दाखवलं, दीड महिना थ्रो बंद होते. आता ती फर्स्ट बेसला खेळते, तिथून लांब फेकावं लागत नाही. जागा सरांनी बदलली आणि त्या दिवशी पहिला फोन त्यांनी आम्हाला केला. आम्ही “बरं सर” म्हणालो, आणि मग तिला विचारलं, तुला चालेल का.