घरचा संगणक : बिघाड की विषाणू?

यंत्र बिघडले की त्याचा दोष एखाद्या अदृश्य शत्रूच्या माथी मारण्याकडे मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते. घरातील संगणक मंद चालू लागला, मधेच बंद पडला, किंवा पडद्यावर अनोळखी मजकूर उमटला, की ‘ह्यात व्हायरस शिरला’ असा निर्णय तत्काळ दिला जातो. मग कोणी घाईघाईने सारी डिस्क पुसून टाकतो, तर कोणी पडद्यावर दिसलेल्या दूरध्वनिक्रमांकावर विसंबून अनोळखी माणसाच्या हाती यंत्र सोपवितो. ह्या गडबडीत अनेक वर्षांची कौटुंबिक छायाचित्रे, मुलांचे अभ्यासाचे लेखन किंवा दुकानाचा हिशेब कायमचा नाहीसा होतो. वास्तविक कित्येक प्रसंगी दोष विषाणूचा नसून साठलेल्या धुळीचा असतो. उलट, जेथे विषाणू खरोखरच असतो तेथे कित्येकदा वरकरणी कोणतेच लक्षण दिसत नाही. म्हणून उपचारापूर्वी निदान हा वैद्यकातील नियम येथेही तितकाच लागू पडतो.

संगणकाची दोन अंगे

संगणकाची दोन अंगे असतात. एक त्याचे शरीर : वीजपुरवठ्याचा डबा, मुख्य पट्ट म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम ही तात्पुरती स्मृती आणि माहिती साठविणारी डिस्क. दुसरे अंग आज्ञावलींचे, म्हणजेच प्रोग्रॅमचे. प्रोसेसरने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे त्या सांगतात. शरीराचा विकार आज्ञावली बदलून बरा होत नाही, आणि आज्ञावलीतील दोष स्क्रू पिळून दूर होत नाही. तपासणीचा पहिला हेतू बिघाड कोणत्या अंगात आहे हे ठरविणे हाच असला पाहिजे.

विषाणू म्हणजे काय?

संगणकातील विषाणू हा सजीव नव्हे. तीही एक आज्ञावलीच होय. फरक इतकाच की स्वतःची प्रत दुसऱ्या आज्ञावलीत किंवा डिस्कवर उतरविण्याची आज्ञा तिच्यात लिहिलेली असते. स्वतःची प्रतिकृती घडविणारे यंत्र तत्त्वतः शक्य आहे, हे जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञाने १९४०च्या दशकातच मांडले होते. १९८२ साली रिच स्क्रेंटा ह्या पंधरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ‘ॲपल टू’ संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ ही आज्ञावली लिहिली. ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरे, आणि दर पन्नासाव्या वेळी यंत्र चालू केले असता पडद्यावर एक विनोदी कविता दाखवी. ह्या वर्गातील आज्ञावलींना ‘विषाणू’ हे नाव १९८३-८४च्या सुमारास फ्रेड कोहेन ह्या संशोधकाच्या कार्यामुळे रूढ झाले. ते नाव सुचविले होते त्याचे मार्गदर्शक लेन ॲडलमन ह्यांनी.

१९८६ साली लाहोरच्या दोन बंधूंनी तयार केलेला ‘ब्रेन’ हा विषाणू आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवर जगभर पसरला. फ्लॉपीच्या ज्या पहिल्या भागातून संगणक चालू होतो, तेथे तो ठाण मांडी आणि मूळ मजकूर दुसरीकडे हलवी. कोणी तो भाग वाचू लागले, तर हलविलेला मूळ मजकूरच पुढे करून तो स्वतःला लपवी. चोरानेच पहारेकऱ्याचा वेष घेण्याची ही युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तपासणीचा विचार करताना तिचा पुन्हा उल्लेख येईल.

विषाणूला पसरण्यासाठी दुसऱ्या आज्ञावलीचा आश्रय लागतो. ‘वर्म’ म्हणजे कृमी जाळ्यावरून स्वतःच एका यंत्रातून दुसऱ्यात शिरतो. ‘ट्रोजन’ हा उपयुक्त आज्ञावलीच्या रूपाने येतो आणि वापरणाराच त्याला आपल्या हाताने घरात घेतो. बोलताना ह्या सर्वांना व्हायरस म्हणण्याचीच रीत आहे.

शरीराचे विकार

भारतातील घरांत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उष्णता आणि धूळ. प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. पात्यांमध्ये धूळ दाटली की उष्णता बाहेर पडत नाही. प्रोसेसरचे तापमान ९०-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो स्वतःच आपली गती कमी करतो, आणि त्याहूनही वाढल्यास यंत्र बंद पडते. सकाळी ठीक चालणारा संगणक अर्ध्या तासाने मंद होत असेल, दुपारी उन्हाच्या वेळी अधिक त्रास देत असेल, आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरळीत चालत असेल, तर विषाणूपेक्षा धुळीवर संशय घेणे अधिक सयुक्तिक होय. विषाणूला ऋतुमानाशी काही कर्तव्य नसते.

चालू करताच यंत्राने ठरावीक लयीत ‘पीं पीं’ असा आवाज करावा आणि पडदा काळाच राहावा, हे बहुधा रॅम किंवा चित्रपट्ट नीट न बसल्याचे चिन्ह असते. ही आत्मपरीक्षा कार्यप्रणाली डिस्कवरून उचलली जाण्यापूर्वीच होते. त्यामुळे येथे नेहमीच्या विषाणूंचा संबंध सहसा येत नाही. प्लग काढून, धातूच्या वस्तूस स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवून, रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसविल्यास कित्येकदा एवढ्यानेच काम भागते. वीजपुरवठ्याचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात प्राणघातक विद्युत्भार काही काळ राहू शकतो.

फिरत्या डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. तिच्यातून ‘टक्‌ टक्‌’ असा नवा आवाज येऊ लागला, किंवा एखादे दस्तऐवज उघडण्यास फार वेळ लागू लागला, तर ती शेवटच्या घटका मोजीत आहे असे समजावे. अशा वेळी विषाणूच्या शोधासाठी तासन्‌तास सारी डिस्क वाचीत बसणे म्हणजे मरणोन्मुख रोग्यास डोंगर चढावयास लावणेच होय. प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे काढावी. बाकी सारे नंतर.

आणखी एक फसवा विकार आहे. मुख्य पट्टावर नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की प्लग काढताच संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. इंटरनेटवरील सुरक्षित स्थळांची प्रमाणपत्रे ठराविक तारखांपुरतीच वैध असतात. त्यामुळे घड्याळ चुकले की बँकेपासून पत्रपेटीपर्यंत प्रत्येक ठिकाणी ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा झळकतो. घरातील मंडळी घाबरतात, आणि दोष असतो तो अल्प किमतीच्या एका बॅटरीचा!

संशयास्पद लक्षणे

पुढील गोष्टी दिसल्यास मात्र विषाणूचा संशय रास्त ठरतो : न मागता उघडणारी जाहिरातींची पाने, आपोआप बदललेले मुखपृष्ठ, न बसविलेल्या आज्ञावली, आपल्या नावे मित्रांना गेलेली पत्रे, बंद पडलेला किंवा उघडू न देणारा अँटिव्हायरस, आणि नाव किंवा शेपूट बदलून अवाचनीय झालेले दस्तऐवज. ह्यांतील शेवटचे लक्षण सर्वांत घातक. खंडणीखोर आज्ञावली माहिती कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ह्याच रीतीने वेठीस धरले. ज्या छिद्रातून ती शिरली, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ती बसविलेल्या यंत्रांत त्या छिद्रातून शिरकाव होण्याचा मार्गच उरला नव्हता.

वाचता वाचता अचानक उमटणारी ‘आपला संगणक बाधित आहे, ह्या क्रमांकावर फोन करा’ ही पाटी मात्र बहुधा निव्वळ फसवणूक असते. खरी संरक्षक आज्ञावली अशा पाटीवर दूरध्वनिक्रमांक देऊन फोन करावयास सांगत नाही. ते पान बंद करावे, फोन करू नये.

तपासणीचा क्रम

१. संसर्गाचा संशय असल्यास प्रथम इंटरनेटचा संबंध तोडावा, म्हणजे माहिती बाहेर जाणे व प्रसार दोन्ही थांबतील.

२. दस्तऐवज व छायाचित्रे ह्यांची प्रत बाहेरील डिस्कवर काढून ती डिस्क लगेच सोडवून ठेवावी. आज्ञावलींची प्रत काढू नये. दस्तऐवज डोळ्यांदेखत कुलूपबंद होत असतील, तर मात्र बाहेरील डिस्क जोडूच नये. यंत्र तत्काळ बंद करून जाणकाराची मदत घ्यावी.

३. पंखा, धूळ, जोडण्या व घड्याळ पाहावे.

४. संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे केवळ अत्यावश्यक आज्ञावलींनिशी चालू करावा. त्यात दोष नाहीसा झाला, तर तो नंतर बसविलेल्या एखाद्या आज्ञावलीत असण्याचा संभव अधिक. तेथेही कायम राहिल्यास यंत्राच्या शरीराकडे वळावे.

५. विषाणूचा शोध शक्य तर बाहेरील पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून घ्यावा. ‘ब्रेन’ची युक्ती येथे आठवावी : बाधित यंत्राच्या स्वतःच्याच साक्षीवर विसंबणे धोक्याचे असते.

६. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत टिपून ठेवावा. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

७. संसर्ग आढळल्यास सर्व परवलीचे शब्द दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदलावे.

शोधकाची मर्यादा

अँटिव्हायरस ज्ञात विषाणूंच्या खुणांशी प्रत्येक आज्ञावली ताडून पाहतो, आणि तिच्या वर्तनावरूनही संशय घेतो. भारतात ह्या क्षेत्रातील उल्लेखनीय काम पुण्यात झाले. कैलास काटकर ह्यांच्या उपकरणदुरुस्तीच्या व्यवसायातून आणि त्यांचे बंधू संजय काटकर ह्यांच्या आज्ञावलीलेखनातून १९९०च्या दशकात ‘क्विक हील’चा जन्म झाला.

तथापि सर्व विषाणू अचूक ओळखणारा शोधक होऊच शकत नाही, असे कोहेन ह्याने सिद्ध केले. युक्तिवाद सोपा आहे. असा परिपूर्ण शोधक आहे असे धरा. आता एक आज्ञावली त्यालाच विचारते, ‘मी विषाणू आहे काय?’ उत्तर ‘होय’ आले, तर ती काहीच करीत नाही; ‘नाही’ आले, तर ती पसरू लागते. दोन्ही प्रसंगी शोधक खोटा ठरतो! अर्थात शोधक निरुपयोगी आहे असे नव्हे. त्याच्या ‘काही आढळले नाही’ ह्या उत्तरास अंतिम निर्णय मानू नये, एवढेच.

प्रतिबंध

कार्यप्रणाली अद्ययावत ठेवणे हा पहिला उपाय. विंडोज १०ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अशी जुनी प्रणाली दुरुस्त्यांवाचून चालविणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे होय. दुसरा उपाय म्हणजे अनधिकृत प्रती व अनोळखी पत्रांच्या पुरवण्या टाळणे. तिसरा आणि सर्वांत मोलाचा, महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती दोन प्रकारच्या साधनांवर ठेवणे, व त्यांतील एक घराबाहेर असणे.

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ संस्थेचे, २०१७ साली सुरू झालेले, ‘सायबर स्वच्छता केंद्र’ विषाणू काढण्याची साधने विनामूल्य देते. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० ह्या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता कमी.

बिघडलेले यंत्र दुरुस्त होते, न झाल्यास नवे आणता येते. त्यात साठविलेले घराचे संचित मात्र बाजारात मिळत नाही. म्हणून ज्याने आज सायंकाळी आपल्या माहितीची एक प्रत काढून कपाटात ठेवली, त्याने उद्याच्या बिघाडाचा अर्धा उपचार आजच केला असे समजण्यास हरकत नाही.