डायलखालचं नाव

होटगी, कुर्डुवाडी, वाडी ही रुळांनी वाढवलेली गावं. इथल्या जुन्या रेल्वे कुटुंबांत पणजोबांचं खिशातलं घड्याळ कपाटात जपून ठेवलेलं असतं आणि त्याच्यासोबत एक प्रश्नही वारशानं येतो: हे बनवलं कुणी? पांढरी मिन्याची डायल, रोमन आकडे, सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ. नाव कुठेच नाही. फार तर डायलच्या तळाशी चिमुकल्या अक्षरांत ‘स्विस मेड’. घड्याळजीला दाखवलं तर तो म्हणतो, मशीन चांगलं आहे, पण कंपनीचं नाही. मला हे उत्तर पुरत नाही. ज्याचा माग लागत नाही असं स्विस घड्याळ विरळाच. फक्त तो माग कुठून काढायचा हे ठाऊक हवं.

आधी नाव का नसतं ते पाहू. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातली बहुतेक घड्याळं एका छपराखाली होत नसत. आपल्याकडे सोलापुरी चादरीचं सूत एकाचं, रंगणी दुसऱ्याची, विणकाम तिसऱ्याच्या मागावर आणि लेबल व्यापाऱ्याचं असतं, तसाच तो कारभार. कच्चं मशीन, म्हणजे प्लेट, ब्रिज आणि चाकं, एक कारखाना बनवी. त्यातलं सर्वांत जुनं मोठं नाव फोंटेनमेलॉनचं. तो कारखाना १७९३ मध्ये सुरू झाला. केस दुसरा बनवी, डायल तिसरा, आणि जुळणी करणारा हे सगळं एकत्र आणून माल व्यापाऱ्याच्या हवाली करी. इंग्रज दुकानदारांना तर डायलवर स्विस कारखान्याचं नाव नकोच असे. तिथे आपलं नाव घालावं किंवा जागा कोरी ठेवावी, असा त्यांचा आग्रह. त्यामुळे ‘कुणी बनवलं’ या एका प्रश्नाचे तीन प्रश्न होतात: मशीन कुणाचं, केस कुणाची आणि विकलं कुणी?

विकणाऱ्यापासून सुरुवात करणं सोपं. आपल्या भागात स्विस घड्याळं बहुतकरून मुंबईमार्गे आली. फाव्र-लुबा १८६५ पासून मुंबईत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीचा मुंबईतला व्यापार १८८० च्या दशकात उभा राहिला आणि तिची घड्याळं रेल्वेत नि सैन्यात पसरली. अशा पेढ्यांचं नाव डायलवर नसलं तरी मागच्या झाकणाच्या आत असू शकतं. तिथे ते सापडलं तर विकणारा कळला, एवढंच समजायचं. वेस्ट एंडच्या काही घड्याळांत आतलं मशीन लाँजिनचं असायचं.

होटगीच्या घड्याळाबाबत आणखी एक सोय आहे. जी.आय.पी. रेल्वेचा रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोचला आणि १८७१ मध्ये होटगीवरून पुढे रायचूरला गेला. १८८४ मध्ये सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज लाइन गदगहून बागलकोट, विजापूर करत होटगीला येऊन मिळाली. दोन रुळांची रुंदी वेगळी, म्हणून माल इथे एका वॅगनमधून दुसरीत चढवावा लागे, आणि दोन कंपन्यांच्या माणसांना एकाच वेळेवर चालावं लागे. ती वेळही गावची नव्हे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ येण्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. घड्याळ रेल्वेच्या मालकीचं असेल, तर पाठीवर कंपनीची आद्याक्षरं आणि क्रमांक कोरलेला असतो. ‘एस.एम.आर.’ असेल तर ते १९०८ च्या आधीचं धरायला हरकत नाही, कारण त्या वर्षी ही कंपनी मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. ‘एम. अँड एस.एम.’ असेल तर ते कोरकाम त्यानंतरचं. ‘जी.आय.पी.’वरून मात्र काळ नेमका कळत नाही. ते नाव १९५१ मध्ये मध्य रेल्वे होईपर्यंत चाललं.

पाठीवर वाफेच्या इंजिनाचं उठावाचं चित्र असेल, तर ते पाहून हुरळून जाऊ नका. ‘रेल्वे रेग्युलेटर’ अशा नावानं विकली गेलेली असंख्य घड्याळं बाजारू माल होता. रेल्वेनं ती कुणाला दिलेली नव्हती. त्यांतली बरीच रॉस्कॉफ पद्धतीची. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ यांनी १८६७ मध्ये ला शो-द-फोंमध्ये कामगाराला परवडेल असं घड्याळ बाजारात आणलं. त्याची नक्कल इतक्यांनी केली की झाकणावर रॉस्कॉफ हे नाव असूनही कारखाना कळत नाही.

आता झाकण उघडू. कडेला नखाएवढी खाच दिसली तर तिथे बोथट पातं घालून हलकेच उचकायचं. खाच नसेल आणि कडेला बारीक रेघा असतील तर ते आट्यांचं झाकण असतं. तळव्यात रबराचा तुकडा धरून उलट्या दिशेनं फिरवलं की सुटतं. बिजागरीचं झाकण नव्वद अंशांपलीकडे उघडू नये. जुनी बिजागरी एकदा तुटली की तिचं काम करणारा हात मिळवणं कठीण.

आत भिंग लावून पाहा. चांदी असेल तर शिक्के असतात. स्वित्झर्लंडमध्ये १८८२ पासून सरकारी तपासणीचे शिक्के एकसारखे झाले: ८०० शुद्धतेच्या चांदीवर रानकोंबड्यासारखा पक्षी, ८७५ वर उभं अस्वल, चौदा कॅरट सोन्यावर खार, अठरा कॅरटवर स्त्रीचं मस्तक. तीन अस्वलं, एक मोठं नि दोन लहान, दिसली तर चांदी ९३५ ची आहे. ब्रिटनमध्ये १८८७ साली मालावरच्या खुणांचा कायदा आला, तेव्हा ब्रिटिश चांदीच्या दर्जाला कमी पडू नये म्हणून ही प्रत पुढे आली. भारतात तसा कायदा १८८९ मध्ये झाला आणि परदेशी मालावर ब्रिटिश नाव टाकायचं तर तो कुठे बनला हे लिहिणं भाग पडलं. म्हणून डायलवर देशाचं नाव नसणं हे जुनेपणाचं लक्षण मानतात. पण एवढ्यावर निकाल देऊ नये, डायल बदललेली असू शकते.

हातोडीचं डोकं आणि त्यात आकडा असा शिक्का दिसला, तर तो केस बनवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक. ही पद्धत १९२० च्या दशकातली. क्रॉस आणि त्यापुढे आकडा म्हणजे स्विस पेटंट. तिथला पेटंट कायदा १८८८ चा, म्हणून घड्याळ त्याआधीचं असू शकत नाही. पदकांची चित्रं, प्रदर्शनांची नावं, ‘पंधरा माणकं’ अशी फ्रेंच अक्षरं यांना मी फारसं महत्त्व देत नाही. ती शोभेची असत आणि कुणीही कोरून घेई. सुईनं ओरखडलेले बारीक आकडे मात्र जपावेत. त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या खुणा; होटगीसारख्या सीमेवरच्या गावात त्या कानडीतही सापडल्या तर नवल नाही. घासूनपुसून झाकण चकाकवण्याच्या हौसेपायी त्या कायमच्या जातात.

इथवरचं सगळं झाकणाचं झालं. मशीनचा कारखाना शोधायचा तर मशीनकडे वळायला हवं, आणि इथे बहुतेकांची दिशा चुकते. मागून दिसणारे चकचकीत ब्रिज पाहून ते चित्रं जुळवत बसतात. पण हीच बाजू सर्वांत फसवी. एकच कच्चं मशीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी ब्रिजचे आकार बदलून दिलं जाई: कुणाला बोटांसारखे सुटे ब्रिज हवेत, कुणाला एकसंध पाऊण प्लेट. डायलखालची बाजू मात्र गिऱ्हाइकाला दिसत नसे, म्हणून तिच्यावर असा खर्च करायचं कारण नव्हतं. खरी ओळख तिथे टिकून राहते.

डायल उतरवण्याचं काम अनुभवी घड्याळजीकडूनच करून घ्यावं. तो आधी मेनस्प्रिंगचा ताण उतरवेल. चावीजवळचा स्क्रू एक-दोन आटे सैल करून चावी काडीसकट ओढून घेईल. मग कडेचे दोन स्क्रू फिरवून मशीन केसमधून बाहेर काढेल आणि काटे उचलेल. डायलच्या मागे तांब्याचे दोन-तीन पाय असतात, ते प्लेटच्या कडेतल्या बारीक स्क्रूंनी धरलेले असतात. ते सैल न करता डायल उचकली तर मिना केसासारखा तडकतो, आणि तडकलेला मिना पुन्हा सांधत नाही.

डायल निघाली की चावीच्या काडीजवळची जागा नीट पाहा. चावी ओढून काटे फिरवण्याची यंत्रणा तिथे असते: काडीच्या खाचेत बसलेला लिव्हर, दात असलेली छोटी फिरकी आणि या दोघांना दाबून धरणारी पोलादी पट्टी. या पट्टीची बाह्यरेषा प्रत्येक कारखान्याची वेगळी. कुठे तिला लांब वाकडी शेपूट, कुठे दोन कान, कुठे मधोमध अंडाकृती भोक. स्क्रू किती, ते कुठे, पट्टीचं टोक कोणत्या बाजूला वळतं, हे कागदावर काढून घ्यावं किंवा उजेड तिरका ठेवून फोटो घ्यावा. जुन्या घड्याळजींच्या दुकानातल्या सुट्या भागांच्या सूचीत, म्हणजे जर्मन फ्लूम किंवा अमेरिकन बेस्टफिटमध्ये, अशाच पट्ट्यांची रेखाचित्रं ओळीनं छापलेली असतात. आपल्या पट्टीचा आकार त्यांतल्या एकाशी जुळला की मशीनची जात कळते.

जुळणी सोपी व्हावी म्हणून आधी माप घ्यायचं. डायलच्या बाजूनं, कडेची पायरी सोडून, प्लेटचा व्यास व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. तो ४३ मिलिमीटर भरला असं समजा. घड्याळाच्या व्यवसायात जुनं फ्रेंच माप चालतं, लिन्य. एक लिन्य म्हणजे २.२५६ मिलिमीटर. भागाकार केला की १९ येतात. म्हणजे हे एकोणीस लिन्यचं मशीन आणि सूचीतली बाकीची पानं बघायची गरज उरली नाही.

त्याच प्लेटवर, बॅलन्सच्या झुलत्या चाकाखाली किंवा बॅरलजवळ, म्हणजे मेनस्प्रिंगच्या डबीजवळ, बारीक छाप असण्याचा संभव असतो. फोंटेनमेलॉनची एफ.एच.एफ. अक्षरं, ग्रेंखेनच्या ए. शिल्ड कारखान्याची ए.एस. अक्षरं, लाँजिनचं पंख असलेलं वाळूचं घड्याळ. धूळ आणि सुकलेलं तेल साचून छाप झाकलेली असते. ती साफसफाईनंतरच दिसते. सोलापूरकडची काळी धूळ तेलात मिसळली की घट्ट लेप होतो, म्हणून पहिल्या पाहणीत छाप दिसली नाही तरी निराश होऊ नये.

एस्केपमेंट, म्हणजे बॅलन्स आणि चाकांना ठेक्यात बांधणारी यंत्रणा, पाहिल्याशिवाय निर्णय पक्का करू नये. बॅलन्सच्या दांड्यालाच पोकळ नळी असून चाकाचे दात तिच्यातून जात असतील, तर ते सिलिंडर. एकोणिसाव्या शतकाअखेरचं स्वस्त घड्याळ बहुधा असंच. मध्ये माणकं बसवलेला लिव्हर असेल तर प्रत वरची. लिव्हरला माणकांऐवजी पोलादी टाचण्या आणि मशीनच्या मध्यावर नेहमीचं चाक नसेल, तर रॉस्कॉफ. काटे फिरवायला बाजूचं छोटं बटण दाबावं लागत असेल, तर ते जुन्या पद्धतीचं मशीन.

छापीव क्रमांकाचा उपयोग कारखाना कळल्यानंतर होतो, आधी नाही. लाँजिनच्या सेंत-इमियेच्या अभिलेखागारात १८६७ पासूनच्या नोंदी आहेत. मशीनचा क्रमांक कळवला की ते घड्याळ केव्हा आणि कुणाकडे पाठवलं याचा उतारा मिळू शकतो. कच्ची मशीनं विकणाऱ्या कारखान्यांकडून तशी अपेक्षा करता येत नाही. तिथे उत्तर ‘फोंटेनमेलॉनचं एकोणीस लिन्य, १९०० च्या आसपास’ इतकंच येईल, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. केसमधला क्रमांक आणि मशीनमधला क्रमांक वेगळे असतात, त्यांची गल्लत करू नये. झाकणांवरचे दोन-तीन आकडे तर केवळ कुठलं झाकण कुठल्या केसचं हे कळावं म्हणून ठोकलेले असतात.

सगळं झालं की एका चिठ्ठीवर वेगवेगळ्या ओळींत लिहा: मशीन कुणाचं, केस कुणाची, विक्रेता कोण, रेल्वेचं कोरकाम कोणतं. प्रत्येकासमोर ते कशावरून ठरवलं हेही लिहा. जिथे फक्त आकार जुळला तिथे ‘आकारावरून’, जिथे छाप दिसली तिथे ‘छापेवरून’. चिठ्ठी आणि डायलखालचा फोटो घड्याळासोबत ठेवा, म्हणजे पुढच्या घड्याळजीला ते पुन्हा उघडावं लागणार नाही.