आज्यांचे बिबडे

मागच्या उन्हाळ्यात आम्ही बचत गटाच्या बायका जळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात केळी वाटायला गेलो. (जळगावात केळी, आमचंही कौतुकच!) आज्यांनी ती घेऊन बाजूला ठेवली. निघताना आमचे बिबडे चिरतात, असं सहज बोललो, तर सगळ्या एकदम सुरू झाल्या. ज्वारी तीन दिवस भिजवली का? घाटा नीट शिजला का? कापड ओलं होतं का?

पुढच्या आठवड्यात ज्वारी घेऊनच गेलो. गुडघे दुखतात त्या खुर्चीवर बसून लसूण सोलतात, हात थरथरतात त्या चव सांगतात, बाकीच्या कापडावर बिबडे टाकतात.

एका आजींनी विचारलं, "पैसे कोणाच्या हातात देशील?" बरोबरच होतं. फुकट राबवून घेणं म्हणजे मन रमवणं नव्हे. आता हिशेबाची वही त्यांच्याकडेच असते. अंगठा नको, सही शिकव, म्हणाल्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, ती गोष्ट आम्ही त्यांना सांगितली.

काम मिळालं म्हणून मुलांची जबाबदारी सुटत नाही. 2007 च्या कायद्यानुसार निर्वाह भागत नसेल तर आईवडिलांना प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. हेही सांगायला बसलो, तर आजी म्हणाल्या, "ते नंतर. आधी बिबडे उलट, ऊन चाललं."